‘ना’ म्हणजे काय?

चिखलीत एका बांधकामावर काही वर्षांपूर्वी पालमूरकडचे, म्हणजे तेलंगणातल्या महबूबनगर भागातले, मजूर आले होते. पगाराच्या दिवशी त्यांच्यातला एक जण हजेरी कारकुनापुढे उभा राहून छातीला हात लावीत म्हणत होता, “ना कूली, ना कूली.” कारकून मराठी. त्याने अर्थ लावला, ‘मी काही कुली नाही!’ गडी मिजास करतो आहे असे समजून त्याने पाकीट बाजूला सारले आणि वहीत शेरा मारला, ‘मजुरी नाकारली’. गडी त्या रात्री उपाशी निजला. दुसऱ्या दिवशी तक्रार आमच्याकडे आली. दोन्ही भाषा जाणणारा एक गवंडी सोबत घेतला, तेव्हा उलगडा झाला. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझा, माझी, माझे; आणि ‘कूली’ म्हणजे मजुरी. बिचारा म्हणत होता, “माझी मजुरी!”

मजुरी मिळाली, पण तो ‘ना’ आमच्या डोक्यातून जाईना. आमची शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. त्याच बाकावर बसून या एका अक्षराचा माग काढला. हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी आपले घर पाहू. “माझी ना नाही” म्हणजे संमती. “येतोस ना?” यात होकाराची अपेक्षा. “ये ना” यात आर्जव. “ना खंत ना खेद” यात मात्र चोख नकार. म्हणजे अर्थ नुसत्या अक्षरात नाही, त्याच्या जागेतही आहे. ही गोष्ट यास्काने निरुक्तात फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. वेदात ‘न’ नकारासाठी येतो आणि ‘प्रमाणे’ या अर्थी उपमेसाठीही येतो. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी आला तर नकार. ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर आला तर उपमा. शिवाय संस्कृतात ‘नृ’ शब्दाची प्रथमा ‘ना’ अशी होते. तिचा अर्थ माणूस!

आता उंबऱ्याबाहेर पडू. गोव्यात कोकणी माणूस एखाद्या वस्तूचे नाव घेऊन “ना” म्हणाला की ती वस्तू नाही. वाक्य पुरे झाले. तमिळमध्ये ‘ना’ म्हणजे जीभ. जपानीत क्रियापदानंतर ‘ना’ आला की मनाई होते; “इकु ना” म्हणजे जाऊ नकोस. आपण “जा ना” म्हणतो तेव्हा नेमके उलट सांगत असतो. चिनीत सूर चढवून ‘ना’ म्हटले तर ‘घेणे’, सूर झटकन उतरवून म्हटले तर ‘ते’. आणि रशियन माणूस वस्तू पुढे करून “ना” म्हणतो तेव्हा तो नकार देत नसतो, ती वस्तू देत असतो. “हे घे!”

असे का व्हावे? हिशेब सोपा आहे. मराठीत ‘क’पासून ‘ळ’पर्यंत चौतीस व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी केली तर अक्षरे होतात ४०८. चिनीत सूर बाजूला ठेवले तर अक्षरे साधारण चारशेच. जगात भाषा हजारो. प्रत्येकीला लहान, नेहमी लागणारे शब्द हवेत. ‘न’ आणि ‘आ’ हे तर लहान मुलालाही सहज जमणारे उच्चार, बहुतेक सर्व भाषांत असलेले. तेव्हा एकाच अक्षरावर अनेकांनी हक्क सांगितला तर नवल नाही.

म्हणूनच अशा एका शब्दावरून भाषांचे गोत जुळवू नये. संस्कृत ‘न’, लॅटिन ‘ने’ आणि रशियन ‘न्ये’ हे नकार खरोखर भाऊबंद आहेत. कारण त्या भाषांतले शेकडो इतर शब्दही ठरावीक नियमाने जुळतात. पण ‘घे’ म्हणणारा रशियन ‘ना’ आणि ‘घेणे’ सांगणारा चिनी ‘ना’ यांचे सोयरसुतक नाही, तो योगायोग.

आपल्याकडे मीमांसक म्हणत, शब्द आणि अर्थ यांचे नाते मूळचेच आहे. नैयायिक म्हणत, तो लोकांनी मानलेला संकेत आहे. जिनिव्हाच्या फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून १९१६ साली निघालेल्या ग्रंथानेही संकेताचीच बाजू घेतली. आम्हा संघटनेच्या माणसांना हे लवकर पटते. संकेत म्हणजे करारच; आणि करार दोघांना ठाऊक असेल तरच तो करार.

तेव्हा परक्या मुलखातला माणूस आपल्या कानाला उर्मट वाटेल असे काही बोलला, तर वहीत शेरा मारण्यापूर्वी एकदा विचारावे, “म्हणजे काय, बाबा?” तेवढ्याने एकाची भाकरी वाचते. आणि एक घरचे सांगतो. मालक मजुराला दर सांगून विचारतो, “एवढ्यात चालेल ना?” तो प्रश्न नव्हे, दुसऱ्याच्या तोंडी घातलेला होकार आहे. आम्ही आमच्या गड्यांना सांगतो, तो शेवटचा ‘ना’ नीट ऐका, आणि उत्तर मात्र तुमच्या मनातले द्या.