राज्य कोणावर?

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी एक गेम लिहिला. गेम कसला, पकडापकडी! एक लाल ठिपका, एक निळा. ज्याच्यावर राज्य त्याने दुसऱ्याला शिवायचं. माझा आणि रूममेटचा कॉम्प्युटर लॅनच्या वायरने जोडला. दोघे एकमेकांना 'मी इथे आहे' एवढंच सांगत राहायचे आणि ठिपके भिडले की राज्य बदलायचं. विंगमधली पोरं नंबर लावून खेळली. मल्टिप्लेयर गेम म्हणजे काही फार अवघड नाही, असं माझं मत झालं.

दिवाळीत रूममेट गावी गेला आणि मोबाइलच्या नेटवरून खेळायला बसला. पाचव्या मिनिटाला फोन. "मी कधीच निसटलो होतो, तू चीटिंग करतोस!" माझ्या स्क्रीनवर तर मी त्याला चक्क शिवलो होतो. भांडण एवढं पेटलं की परत आल्यावर त्याने चिवड्याचा डबा शेजारच्या रूममध्ये ठेवला.

गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत होतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून सिंगापूर सुमारे 3,900 किलोमीटर. म्हणजे सरळ रेषेतसुद्धा जाऊन-येऊन जवळपास 40 मिलिसेकंद. आणि केबल सरळ रेषेत कुठे असते? त्यात मोबाइलचं नेट, मधले राउटर. त्याला दिसत होतो तो मी थोडा जुना, मला दिसत होता तो थोडा जुना. दोन स्क्रीनवर दोन वेगळे 'आत्ता'!

उपाय म्हणजे अंपायर नेमणे. खेळाडूने फक्त कुठली की दाबली ते कळवायचं. कोण कुठे आहे हे सर्व्हर ठरवणार. 1996 साली आलेला 'क्वेक' असाच चालायचा. पण मोडेमवर त्याची पंचाईत झाली: की दाबली तरी उत्तर येईपर्यंत माणूस हलेना. त्याच वर्षी जॉन कारमॅकने 'क्वेकवर्ल्ड'मध्ये तोड काढली. स्वतःचा खेळाडू लगेच हलवायचा, सर्व्हरचं उत्तर आलं की चूक सुधारायची.

वाचायला सोपं आहे, पण माझे दोन आठवडे इथेच गेले. माझा ठिपका दर वेळी मागे उडी मारायचा. कारण सर्व्हर सांगतो ती जागा जुनी असते! म्हणून प्रत्येक कीला नंबर द्यायचा. '40 नंबरपर्यंत तू इथे' असं उत्तर आलं की त्या जागेवरून सुरुवात करून 41 पासूनच्या सगळ्या की पुन्हा लावायच्या. हे कळलं तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते आणि मी ओरडलो म्हणून शेजारच्यांनी दार वाजवलं.

टीसीपी-यूडीपीचा फरक आपण परीक्षेत लिहून विसरतो. इथे तो कामाला आला. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. शिळी जागा हवीय कोणाला? यूडीपी घ्या. आणि लिनक्सवर 'टीसी'च्या 'नेटेम'ने स्वतःच्याच मशीनवर 150 मिलिसेकंदांचा उशीर लावून बघा. गावी जायची गरज नाही. 'क्वेक'चा सोर्सकोड 1999 पासून खुला आहे, तोही चाळा.

राहिला मूळ तंटा: शिवलं की नाही? 'हाफ-लाइफ'मध्ये सर्व्हर सगळ्यांच्या मागच्या जागा थोडा वेळ लक्षात ठेवतो. गोळी झाडली की झाडणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत होतं तिथवर काळ मागे नेऊन निकाल देतो. नेम धरणाऱ्याला न्याय मिळतो. पण भिंतीआड पोचलेला माणूसही कधीकधी मरतो. 'काउंटर-स्ट्राइक' खेळणाऱ्यांना हा संताप वेगळा सांगायला नको. इथे कोणावर तरी अन्याय होणारच, आणि तो कोणावर हे कोड लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं.

मी राज्य असलेल्याच्या बाजूने कौल दिला. रूममेटचं म्हणणं, पळणाऱ्याला फायदा मिळायला हवा. दोन्ही स्क्रीनच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवल्या तेव्हा चीटिंगचा आरोप त्याने मागे घेतला. चिवडा मात्र तोपर्यंत संपला होता.