अनुभव आणि खेळाडूची नजर

कुशल खेळाडूची नजर उपजतच तीक्ष्ण असते, असा सर्वसाधारण समज आहे. या समजात दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. डोळ्याला किती स्पष्ट दिसते हा एक प्रश्न. तो कोणत्या क्षणी कोठे रोखला जातो हा दुसरा. अनुभवाचा संबंध मुख्यत्वे दुसऱ्याशी आहे.

नेत्रपटलावरील सूक्ष्म दर्शनाचे क्षेत्र सुमारे २ अंशांचेच, म्हणजे हात लांब केला असता अंगठ्याच्या नखाएवढे असते. तेव्हा कोठे पाहावे ही निवड अटळ ठरते. लँड व मॅक्लिओड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या दर्जाच्या तीन फलंदाजांच्या नेत्रहालचाली नोंदविल्या. एकाचीही दृष्टी चेंडूमागे अखंड जात नव्हती. चेंडू सुटताना पाहून ती टप्प्याच्या अपेक्षित जागी आधीच झेप घेई. दर्जा जितका वरचा, तितकी ही झेप लवकर.

तथापि स्थान सारखे असूनही दर्शन भिन्न असू शकते. बॅडमिंटनविषयी ॲबरनेथी व रसेल यांनी १९८७ साली दाखविले की, तज्ज्ञ व नवशिके यांची नजर बहुतांशी त्याच भागांवर असते. परंतु तज्ज्ञ रॅकेटबरोबर हाताच्या हालचालीतूनही फटक्याचे अनुमान करतात.

आपल्या खो-खोत हेच तत्त्व नियमांतून सुचते. बसलेल्या आठ गड्यांपैकी एकाला खो मिळाला की त्याने घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, आणि दिशा ठरते ती खांद्यांच्या रेषेवरून. म्हणून पळणाऱ्याला आक्रमकाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या खांद्यांतून अधिक बोध होणे स्वाभाविक आहे.

या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व आहे. 'याची नजर मंद' असे म्हणून एखाद्या मुलाला संघाबाहेर ठेवताना त्याच्या नेत्रशक्तीचा नव्हे, तर त्याला मिळालेल्या सरावाचा निवाडा होत असण्याचा संभव असतो. अर्धापूरसारख्या ठिकाणी नेत्रमापक यंत्र नसले तरी अडत नाही. मोबाईलवर सामन्याचे चित्रण करावे, निर्णायक क्षणापूर्वी ते थांबवावे आणि पुढे काय घडेल ते विद्यार्थ्यास विचारावे. उत्तरांतील फरकावरून अनुभवाने काय शिकविले आणि काय शिकवावयाचे राहिले, याचा अंदाज येतो.