नाताळची भेट : खेळणे कोणते द्यावे?

नाताळ जवळ आला की मुलांना कोणते खेळणे द्यावे, हा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो. बॅटरीवरची महागडी मोटार स्वतःच धावते. मूल केवळ पाहत राहते. ज्या खेळण्यात मुलाला स्वतः काही करावे लागते, तेच त्याला शिकवते. लाकडी ठोकळे रचताना तोल उमगतो, भातुकलीत भाषा फुलते.

२०१८ साली पद्मश्रीने सन्मानित झालेले अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील ‘आयुका’च्या बालविज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी घडविली. गुल काढलेल्या आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडून केलेला त्रिकोण दाबला तरी ढळत नाही. चौकोन मात्र कलतो. शाळकरी मुलाला भूमितीचा हा धडा थोडक्या रुपयांत मिळतो.

तीन वर्षांखालील बालकांना मात्र बारीक, सुटे भाग असलेले खेळणे देऊ नये. ते घशात अडकू शकतात. विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

प्रभू येशू नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढला. या नाताळात आपणही मुलाशेजारी बसून एखादे खेळणे स्वहस्ते घडवू या.