लोकनायक अणे : पदावरून उतरतांना

आमच्या वर्धेहून वणी कांहीं फार दूर नाहीं. तेथें १८८० सालीं जन्मलेले माधव श्रीहरि तथा बापूजी अणे १९४८ च्या जानेवारींत बिहारचे राज्यपाल झाले. झरियाचा कोळसा, सिंहभूमचें लोखंड आणि कोडर्म्याच्या अभ्रकाच्या खाणी तेव्हां बिहारांतच मोडत. त्या रत्नगर्भा प्रांताचा कारभार पाहून १९५२ च्या जूनमध्यें ते निवृत्त झाले.

पद सोडण्याची त्यांस संवयच होती म्हणाना! १९४३ च्या फेब्रुवारींत महात्माजींच्या उपोषणाविषयीं सरकारचें धोरण पटेना, तेव्हां त्यांनीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. वस्तुतः ते टिळकांचे अनुयायी. सेवाग्रामशीं त्यांचें मत सदैव जुळे असें नाहीं. म्हणूनच त्या राजीनाम्याचें मोल मला अधिक वाटतें.

उत्तर आयुष्यांत त्यांनीं ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हें लोकमान्यांचें संस्कृत चरित्रकाव्य रचलें. संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तरास त्यांच्या राज्यपालपदाचा नव्हे, ह्या श्रमाचा हेवा वाटतो. त्या ग्रंथास १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तो स्वीकारण्यास बापूजी नव्हते. १९६८ च्या २६ जानेवारीसच ते निवर्तले होते.