ट्रॅव्हल क्षेत्रात पहिलं पाऊल : बंगळुरूत शिकायचं काय, सुरुवात करायची कुठून?

करिअरच्या या मालिकेत आजचा विषय आहे ट्रॅव्हल इंडस्ट्री. बेळगाव, निपाणी, सांगली, सोलापूर या भागातली बरीच मुलं-मुली बारावीनंतर किंवा पदवीनंतर बंगळुरूला येतात. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली की सकाळी शहरात. पण उतरल्यावर प्रश्न सुरू होतात. कोणता कोर्स करावा? फी भरावी का? नोकरी खरंच लागते का? घरच्यांनी साठवलेले पैसे पणाला लागलेले असतात, म्हणून आज हे सगळं सावकाश, एकेक करून बघू.

आधी हे समजून घ्या : "ट्रॅव्हल" म्हणजे एक नोकरी नाही

"मला ट्रॅव्हलमध्ये जायचंय" असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठल्या टेबलाशी बसायचंय? कारण कामं वेगवेगळी आहेत.

पहिलं, तिकीट आणि बुकिंग. दुसरं, टूर तयार करणं, म्हणजे मार्ग ठरवणं, हॉटेल, बस, जेवण यांचे दर काढणं. तिसरं, टूर मॅनेजर किंवा गाइड, जे प्रत्यक्ष प्रवाशांबरोबर असतात. चौथं, व्हिसाची कागदपत्रं. पाचवं, विमानतळावरचा ग्राउंड स्टाफ. आणि बंगळुरूत सहावं टेबल मोठं आहे : कॉर्पोरेट ट्रॅव्हल आणि ट्रॅव्हल टेक्नॉलॉजी. आयटी कंपन्यांचे लोक सतत प्रवास करतात, त्यांची तिकिटं आणि बदल सांभाळणारे डेस्क इथे आहेत. बसचं तिकीट ऑनलाइन विकणारी रेडबस २००६ साली याच शहरात सुरू झाली. विमान कंपन्यांना बुकिंगची यंत्रणा पुरवणाऱ्या अमाडेउस आणि सेबर या दोन्ही कंपन्यांची मोठी केंद्रं इथे आहेत.

फिरायला आवडतं म्हणून या क्षेत्रात येऊ नका. बहुतेक टेबलांवर तुम्ही बसलेले असता आणि फिरतात दुसरे. लोकांची अडचण सोडवायला आवडत असेल, तर मात्र जरूर या.

पैसा कुठून येतो?

पूर्वी विमान कंपन्या एजंटला प्रत्येक तिकिटामागे ठरावीक टक्के कमिशन द्यायच्या. २००८ च्या सुमारास भारतात ते मोठ्या प्रमाणावर बंद झालं. आज साधं तिकीट ग्राहक मोबाइलवर स्वतः काढतो. म्हणजे नुसतं तिकीट काढता येणं हे आता कौशल्य राहिलेलं नाही. एजंटला पैसे मिळतात ते सेवाशुल्कातून, पॅकेजमधून, व्हिसा आणि विम्याच्या कामातून. थोडक्यात, ग्राहकाला स्वतःला जे जमत नाही किंवा जिथे चुकण्याची भीती वाटते, तिथे. तुमचं प्रशिक्षणही तिथपर्यंत पोचलं पाहिजे.

शिक्षणाचे रस्ते

पहिला रस्ता पदवीचा. बंगळुरूच्या क्राइस्ट विद्यापीठात पर्यटन विषयातलं बीबीए आहे. हॉटेलच्या बाजूने यायचं असेल तर शेषाद्री रोडवर सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट आहे, त्याला राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम ही संस्था १९८३ पासून आहे. तिचं मुख्य केंद्र ग्वाल्हेरला आणि एक केंद्र गोव्यात आहे.

दुसरा रस्ता सर्टिफिकेटचा. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना, स्थापना १९४५. तिचे ट्रॅव्हल-टुरिझमचे कोर्स अधिकृत केंद्रांमधून करता येतात. गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर "आयाटा" लिहिलं म्हणून तो अधिकृत होत नाही. संघटनेच्या वेबसाइटवर केंद्राचं नाव शोधा आणि मगच फी भरा.

तिसरा रस्ता गाइडचा. पर्यटन मंत्रालयाचा इनक्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये गाइड म्हणून काम करायचं तर परवाना लागतो, हे लक्षात ठेवा.

क्लासमध्ये काय शिकवतात का, हे तपासा

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा.

एक : जीडीएसवर हात चालवायला मिळतो का? जीडीएस म्हणजे अमाडेउस, सेबर, गॅलिलिओ यांसारखी यंत्रणा, ज्यात एजंट सीट शोधतो आणि पीएनआर तयार करतो. नुसत्या नोट्सवर ती येत नाही. पोहणं पाण्यातच शिकावं लागतं.

दोन : कागदपत्रं शिकवतात का? बंगळुरूत तर नावाचाच मोठा धडा आहे. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं. इथल्या बऱ्याच ग्राहकांना आडनावच नसतं, इनिशियल असतं, आणि पासपोर्टवर कधी एकच नाव असतं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने प्रवेश नाकारायला सुरुवात केली. हे माहीत नसलेला एजंट दुबईचं पॅकेज विकून बसतो आणि कुटुंब विमानतळावरून परत येतं. तसंच वैधतेचं. बरेच देश पासपोर्ट आणखी सहा महिने चालणारा हवा म्हणतात. शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने लागतात. ही तपासणी पैसे घेण्याआधी करायची असते.

तीन : कॉस्टिंग शिकवतात का? हे जरा नीट बघू.

एक छोटं कॉस्टिंग

समजा, बंगळुरूहून तीन दिवसांची म्हैसूर-सोमनाथपूर सहल काढायची आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत. बस ६०,००० रुपये, टूर मॅनेजरचा खर्च ९,०००, गाइड ६,०००. हे झाले ७५,०००. माणसं किती का येईनात, हा खर्च ठरलेला. आता माणशी खर्च : दोन रात्रींचं हॉटेल ४,०००, जेवण १,८००, प्रवेश तिकिटं ७००. एकूण ६,५००.

तीस माणसं आली तर ७५,००० भागिले ३०, म्हणजे माणशी २,५००. त्यात ६,५०० मिळवा, खर्च ९,००० झाला. तुम्ही १०,००० दर लावलात तर ३०,००० उरतात. छान! पण अठराच माणसं आली तर? उत्पन्न १,८०,०००, खर्च १,९२,०००. बारा हजार खिशातून गेले. याच दरात तोटा टाळायला निदान बावीस माणसं लागतात. हा बावीसचा आकडा जाहिरात करण्याआधी काढता आला, तर तुम्ही धंदा शिकलात.

आणि दर बरोबर असूनही वारात चूक झाली तर? म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. राजवाड्याची दिव्यांची रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी असते. सोमवारी निघालेल्या ग्रुपला दोन्ही हुकू शकतात, आणि बोलणी बसतात टूर मॅनेजरला.

मराठी माणसाचं भांडवल

मराठी, हिंदी, इंग्रजी येतेच, त्यात बोलण्यापुरतं कन्नड आलं की तुमची किंमत वाढते. ड्रायव्हर, हॉटेलचा मॅनेजर, तिकीट खिडकी, सगळीकडे ते कामाला येतं. सीमाभागातल्या मुलांना ते अर्धं येतच असतं. लाजू नका, बोला.

महाराष्ट्रातून म्हैसूर-उटीला येणारे ग्रुप पिढ्यान् पिढ्या येत आहेत. त्यांना बंगळुरू म्हणजे एक दिवसाचा मुक्काम आणि खरेदी. इथे तुम्हाला काही वेगळं देता येईल. १६३८ च्या सुमारास हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि बालपणी शिवाजी महाराजही काही काळ इथे राहिले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिरात व्यंकोजीराजांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. १६८७ मध्ये शहर मोगलांच्या हातात गेलं आणि पुढे म्हैसूरच्या वोडेयरांकडे. एवढ्या सूत्रावर अर्ध्या दिवसाची सुंदर फेरी बसते. नीट वाचून, ठिकाणं पायी फिरून ती तयार करा. मुलाखतीत दाखवायला याहून चांगलं काही नाही.

फसवणूक आणि चढउतार

"विमानतळावर हमखास नोकरी, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा" असा मेसेज आला तर पैसे भरू नका. नामांकित विमान कंपन्या नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. विमानतळाच्या आत काम करायला प्रवेश पास लागतो, पोलिसांची पडताळणी होते. ती प्रक्रिया कुणी पैसे घेऊन टाळू शकत नाही. विमानतळ देवनहळ्ळीला आहे, शहरापासून लांब, आणि ड्युटी रात्रीचीही असते. पगाराचा आकडा ऐकताना खोलीभाडं आणि येण्याजाण्याचा खर्चही मांडा.

आणखी एक, घरच्यांना आधीच सांगा. हे क्षेत्र संकटात सगळ्यात आधी थांबतं. २०२० च्या मार्चमध्ये भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली, ती २७ मार्च २०२२ ला पुन्हा पूर्ववत झाली. दोन वर्षं! त्या काळात टिकले ते बहुतेक जोडीला हिशेब, ग्राहकसेवा, सॉफ्टवेअर असं दुसरं काही येणारे. म्हणून एक जोडकौशल्य हवंच. आणि मोठ्या फीसाठी कर्ज काढण्याआधी सहा महिने छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काम करून बघा. काम आवडलं तर शिक्षणाला दिशा मिळते, नाही आवडलं तर कर्ज वाचतं.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या गावाहून बंगळुरूपर्यंत पंधरा माणसांची तीन दिवसांची सहल कागदावर मांडा. वेळा, सुट्टीचे वार, खर्च, तोटा टाळायला लागणारी माणसं, सगळं लिहा. मग एखाद्या ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटला तो कागद दाखवा आणि चुका काढायला सांगा. त्या चुका म्हणजे तुमचा पहिला फुकटचा क्लास. पुढच्या भागात टूर मॅनेजरचा एक पूर्ण दिवस बघू. तोपर्यंत नमस्कार.