दहा मिलिमीटरचा हट्ट

अ‍ॅव्हेंजरच्या मागच्या टायरवर १३०/९०-१५ असा आकडा असतो. रुंदी १३० मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १५ इंची. २००१ साली बजाजने कावासाकीसोबत एलिमिनेटर आणली, तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकलींची चाकं उंच आणि किडकिडीत होती. त्यांच्या रांगेत ही बुटकी, लांबलचक, मागून भरलेली गाडी उभी राहिली की माणसं वळून बघायची. २००५ मध्ये बजाजने त्याच घडणीच्या गाडीत पल्सर १८० चं इंजिन बसवलं आणि नाव ठेवलं अ‍ॅव्हेंजर. पुढे २००७ ला २०० सीसी, २०१० ला २२०. इंजिन वाढत गेलं, मागच्या टायरचा आकडा मात्र तोच राहिला.

या आकड्यावर समाधान न मानणारे बरेच जण कात्रपला भेटतात. बदलापूर पूर्वेचा हा भाग कल्याण-कर्जत रस्त्याला लागून. पेट्रोल पंपाची खूण सांगितली की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. अशा बुटक्या, लांबलचक जुन्या क्रूझरचं इथलं आयुष्य ठरलेलं असतं. सोमवार ते शुक्रवार मालकाला स्टेशनला सोडायचं, तो लोकलने कामाला गेला की दिवसभर उन्हापावसात उभं राहायचं आणि रात्री घरी यायचं. रविवार मिळाला तर कोंडेश्वर, बारवी धरण, फार तर मुरबाडवरून माळशेज. किलोमीटर थोडे, वर्षं जास्त. त्यामुळे इथे टायर झिजून जाण्याआधी म्हातारा होतो. नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं आणि कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरवर लंबगोलात कोरलेले शेवटचे चार अंक बघावेत: २३१२ असेल तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नियमाप्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, पण कात्रपच्या गाड्या या कसोटीला सहसा उतरतात आणि तरीही पावसात घसरतात.

टायर बदलायला आलेला माणूस मग म्हणतो, बदलतोच आहे तर जाडच घालू.

कर्जत रस्त्यावरच्या एका गॅरेजात अशीच एक जुनी २२० उभी होती. मालक पंचविशीतला, गाडी काकांकडून आलेली.

‘‘दादा, दीडशेचा बसेल ना?’’

‘‘आधी मोजू दे. मग टायर आण.’’

या कामातलं सगळं शहाणपण त्या एका उत्तरात आलं. टायर विकत आणून मग जागा शोधणारे पुष्कळ असतात. या मिस्त्रीने मागचं चाक अधांतरी केलं, चेन गार्ड काढला आणि अ‍ॅलन की घेऊन बसला. चेन आणि टायर यांच्या फटीतून पाच मिलिमीटरची की सहज गेली, सहाची गेली, आठची अडली. मग तीच तपासणी चिमट्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, दोन्ही बाजूंनी. ब्रेकच्या बाजूला जागा ऐसपैस होती, चेनच्या बाजूला चोरटी. चेनवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत रडगाणं तिथेच असतं. टायर दहा मिलिमीटरने वाढला की प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटर खातो, आणि धावताना चेन जागेवर स्थिर नसते, फटकारे मारते. हवा भरलेला टायर थोडा फुगतोही. कागदावर पाच उरले म्हणून रस्त्यावर पाच उरत नाहीत.

त्याने पुढे जे केलं ते फार थोडे करतात. जुनी चेन ताणून ताणून एक्सल खाचेत मागे सरकलेला होता. त्याने तो सर्वांत पुढे ओढला, कारण नवी चेन पडली की चाक तिथेच येणार आणि टायर चिमट्याच्या आडव्या नळीला सर्वांत जवळ जाणार. मग दोन्ही शॉकअप खालून सोडवले आणि चाक हाताने मडगार्डच्या पोटापर्यंत उचललं. दोन माणसं बसून खड्ड्यात गाडी आदळली की चाक एवढं वर येतं. मडगार्डच्या आत टॉर्च मारला तर नंबर प्लेटच्या बोल्टचं टोक नटाबाहेर लोंबत होतं. जाड टायरला पहिली जखम करतं ते असं टोक. त्याने बोल्ट उलटा घातला, डोकं आत आणि नट बाहेर.

आता हिशेब. १३०/९०-१५ चा बाहेरचा व्यास ६१५ मिलिमीटर भरतो, १४०/९०-१५ चा ६३३, १५०/८०-१५ चा ६२१. अ‍ॅव्हेंजरवाल्यांत बऱ्याचदा चालतो तो १४०/९०-१५. त्यात एक्सल ९ मिलिमीटर वर जातो. म्हणजे गाडीचा मागचा भाग तेवढा उचलला जातो, साइड स्टँडवर ती थोडी जास्त कलते, आणि फायनल गिअर जवळपास तीन टक्क्यांनी लांबतो. हायवेवर इंजिन किंचित निवांत चालतं, बारवीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप मंद वाटतो. ज्या गाडीचा मीटर मागच्या चाकावर किंवा गिअरबॉक्सवर चालतो तिथे स्पीडही खरा दिसत नाही. पुढच्या चाकावरून केबल असेल तर काही फरक पडत नाही.

‘‘मग दीडशेचा उंचीला कमीच आहे की,’’ मालक म्हणाला. उंचीला कमी, हे खरं. पण प्रश्न रिमचा आहे. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते हे टायर कंपनी ठरवून देते आणि रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते. ते दोन आकडे जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि पाठ कुबडी होते. पैसे १५० चे जातात आणि सरळ चालताना रस्त्याला टेकते ती मधली चिंचोळी पट्टी. शिवाय टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः त्याच्यावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. त्याच हवेला रुंद टायरचा ठसा आडवा होतो, लांबीला तोकडा. ‘जाड टायर म्हणजे दुप्पट पकड’ हे गॅरेजबाहेरच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितलं जातं, पण ते खरं नाही.

पावसात तर उलटं होतं. बदलापूरला पाणी काय करतं हे नव्याने सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे, आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पुरात अडकली होती. साचलेल्या पाण्यातून जाताना टायरला समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं. टायर रुंद तर सारायचं पाणी जास्त, आणि वेगात ते सारता आलं नाही तर चाक पाण्यावर तरंगतं. श्रावणात कर्जत रस्त्यावर रोज जाणाऱ्याने दिखाव्याआधी हे मनात घ्यावं. वळणावरही फरक पडतो: टायर जितका रुंद तितका टेकण्याचा बिंदू मधल्या रेषेपासून लांब सरकतो, आणि त्याच वळणाला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते. क्रूझरचे पुढे आलेले फुटरेस्ट आधीच जमिनीजवळ असतात.

काही जण याही पुढे जातात. चिमटा कापून वेल्डिंगने रुंद करतात, रिम एका बाजूला ओढून घेतात, क्वचित कोणी छोट्या मोटारीचा टायर चढवतो. मोटारीच्या टायरची तळपट्टी चपटी असते, झुकण्यासाठी ती केलेलीच नसते, आणि त्याची बीडिंग मोटरसायकलच्या रिमवर बसण्यासाठी घडवलेली नसते. हे कुणीही करू नये. मोठ्या मागच्या चाकाच्या गाड्या घडवणं ही वेगळी विद्या आहे. मुंबई परिसरात अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने रॉयल एनफिल्डवर चॉपर बांधून नाव कमावलं, अशा कामात चौकट, चिमटा, रिम, चेनची रेषा हे सगळं एकत्र आखावं लागतं. गल्लीतल्या वेल्डिंगच्या दोन टाक्यांवर ते उभं राहत नाही.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चिमटा कापलेली एमएच-०५ ची गाडी कल्याणच्या आरटीओत पासिंगला नेताना मालकाकडे सांगण्यासारखं काही नसतं. टायरचा आकार बदलतानाही कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचावं. अपघातानंतर विमा कंपनी ते वाचणारच.

त्या मुलाने शेवटी काय घेतलं? मोजमाप झाल्यावर मिस्त्रीने चाक बाजूला ठेवलं आणि चिमटा दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवला. तो खटखटला. बुश संपले होते. मुलाची मूळ तक्रार होती की वळणावर गाडी मागून डुलते. ती डुलत होती बुशमुळे आणि सैल स्पोकमुळे. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या क्रूझरला जाड टायर मागणाऱ्या निम्म्या जणांना खरं तर नवे बुश, सरळ केलेलं चाक आणि ताजा टायर हवा असतो. हट्ट दिसण्याचा असेल तर १४० पर्यंत जावं, तेही रिम आणि चेन दोन्ही हो म्हणत असतील तर. इथे चेन नाही म्हणाली. बुश बदलले, स्पोक ताणून चाकाचा आउट काढला, रिमवरची रबरी पट्टी नवी घातली आणि १३०/९०-१५ चाच नवा टायर त्याच मापाच्या नव्या ट्यूबसह बसवला.

बसवण्याची रीतही बघण्यासारखी. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला. पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर, म्हणजे चाकाचा तोल साधायला सोपं जातं. ट्यूबमध्ये थोडी हवा आधीच, म्हणजे टॉमीच्या टोकाखाली ती चिमटत नाही. कडेला साबणाचं पाणी, आणि हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेषा सगळीकडे सारख्या अंतरावर आली का ते चाक फिरवून पाहणं. एका जागी ती आत दबलेली होती. हवा सोडली, पुन्हा साबण लावला, पुन्हा भरली.

मुलगा थोडा हिरमुसला होता. मिस्त्रीने त्याला बजावलं की नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नकोस, गाडी झुकवू नकोस, आणि येत्या रविवारी चेनचा ताण आणि स्पोक बघायला परत ये. त्या तपासणीचे पैसे मिस्त्रीने आधीच बिलात धरले होते.