गाडीचं वायरिंग (भाग 9) : टिक वाजली म्हणून काय झालं?

वायरीच्या जाडीचा हिशेब या आठवड्यात मांडणार होतो. तो पुढच्या खेपेला. शहपुऱ्याहून आलेल्या एका पत्रानं दुसरं काही सुचू दिलेलं नाही. जबलपूरहून भोपाळकडे निघालं की वाटेत लागणारं हे गाव. थंडीत इकडे मटारचा हंगाम असतो, भरलेल्या गाड्या रात्री-पहाटे रस्त्यावर असतात आणि शेतांवर धुकं उतरतं. अशा रस्त्यावर बंपरखाली फॉग लॅम्प लावणाऱ्याला मी हौशी म्हणणार नाही.

पत्रलेखकांनी 55 वॅटची जोडी बसवून घेतली होती आणि ती नीट चालत होती. यंदा रिले गेला, मिस्त्रीनं नवा घातला. तेव्हापासून बटण बंद असलं की डावा दिवा जळतो. बटण दाबलं की डावा विझतो आणि उजवा लागतो. दोन्ही मिळून कधीच नाहीत! चावी काढली तरी डावा चालूच, म्हणून हे गृहस्थ रोज रात्री बॉनेट उघडून फ्यूज उपसून ठेवतात. बरंच करतात. एक दिवा साडेचार अँपियरच्या वर ओढतो. 35 अँपियर-अवरची बॅटरी रात्रभरात झोपलीच समजा. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं : “टिक तो बोल रही है भैया, रिले ठीक है।”

टिक वाजली म्हणजे रिलेच्या 85 आणि 86 या पायांमधल्या कॉइलला करंट मिळाला आणि आतली पट्टी हलली. एवढंच. पट्टी कुठून सुटली, कुठे टेकली आणि टेकली ती धड टेकली का, यातलं काहीही कानाला कळत नाही.

आता रिले उपटून त्याचे पाय पाहा. बाजारात पाच पायांचे दोन रिले मिळतात. अंग तेच, होल्डर तोच, किंमतही जवळपास तीच. फरक मधल्या पायात. एका जातीत मधला पायही 87 असतो, म्हणजे दोन्ही 87 आतून जोडलेले. एका दिव्याची वायर बाहेरच्या पायाला, दुसऱ्याची मधल्याला, काम सुटसुटीत. दुसऱ्या जातीत मधल्या पायावर 87a लिहिलेलं असतं. हा रिले म्हणजे रुळांचा सांधा : 30 वरून आलेला करंट कॉइल निजलेली असताना 87a कडे जातो, जागी झाली की 87 कडे वळतो. शहपुऱ्याच्या गाडीत पहिल्या जातीचा रिले होता, मिस्त्रीनं दुसऱ्या जातीचा घातला, हे मी गाडी न पाहता सांगतो. आणि 30 ला फ्यूजमधून थेट बॅटरी जोडलेली, म्हणून चावीचा काही संबंधच उरला नाही. वायरिंग निर्दोष आहे. लष्कराच्या लिलावातल्या जोंगा जीपांवर दिवे चढवणाऱ्यांच्या या जबलपूर जिल्ह्यात ‘पाच पायांचा द्या’ एवढंच सांगून रिले आणावा, याचं मात्र मला नवल वाटतं. रिलेच्या कुशीवर नकाशा छापलेला असतो, तो तरी वाचावा.

उपाय दोन. दोन्ही 87 वाला रिले आणा, किंवा आहे तोच ठेवून मधल्या पायाची वायर होल्डरमधून काढा आणि दोन्ही दिवे बाहेरच्या 87 वर घ्या. जोडी मिळून सव्वानऊ अँपियर. 30 अँपियरच्या रिलेला ते जड नाही.

टिकेवर विश्वासणाऱ्यांसाठी आणखी एक. आतले कॉन्टॅक्ट जळून काळे पडले तरी टिक खणखणीत वाजते. दिव्याची वायर सोडून 87 वर मीटर लावला तर तो बारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. दिवे लावा, इंजिन चालू ठेवा आणि मीटरच्या दोन्ही सुया 30 आणि 87 वर टेकवा. एक-दोन दशांश व्होल्ट दिसले तर ठीक. पूर्ण एक व्होल्ट दिसला तर रिले फेका : तेरातला एक व्होल्ट वाटेत गेला की हॅलोजनचा उजेड जवळजवळ पाव हिश्शानं उतरतो, आणि लोक बल्ब बदलत बसतात.

पत्रलेखकांना एक विनंती. रोज हाताळता तो फ्यूज किती अँपियरचा आहे, ते लिहून कळवा. 15 चा असेल तर निश्चिंत राहा. 30 चा असेल तर आज रात्री काढल्यावर परत तोच घालू नका. का, ते वायरीच्या जाडीबरोबरच येईल.